फॅमिली केअरचा चौकोन

"या वर्षी एक पेनीसुद्धा वाया जाणार नाही!" अंशुमननं जाहीर केलं आणि नर्सरीचं बिल जेवणाच्या टेबलावर पसरून त्याचे फोटो काढले. एक समोरून, एक डावीकडून, एक खिडकीतल्या उजेडात. पासपोर्टसाठी स्वतःचा फोटोही त्यानं कधी इतक्या मायेनं काढला नव्हता.

मार्चमधली रविवारची सकाळ होती. बाहेर डॅफोडिलची फुलं माना डोलावत होती आणि लंडनच्या हाउन्सलोतल्या त्या छोट्याशा घरावरून दर दोन मिनिटांनी एक विमान उतरायला जात होतं. पाहुणे आले की दचकून छताकडे बघायचे. अंशुमनला मात्र ती विमानं आवाज करतात असं वाटायचंच नाही. खोल पाण्यातले अवाढव्य, समजूतदार मासे डोक्यावरून सरकताहेत, असं वाटायचं. गेल्या दोनेक वर्षांत सगळं जगच त्याच्यासाठी असं मऊ झालं होतं. बस गुणगुणत यायची. ऑफिसातली भांडणं शेजारच्या गावात चालल्यासारखी भासायची. त्याची पावणेतीन वर्षांची मुलगी पूर्वी त्याच्या मांडीवर बसून तासभर काहीबाही सांगायची आणि त्याला वाटायचं, कुठेतरी झरा वाहतोय! तो डोळे अर्धवट मिटून "हो का? वा!" म्हणायचा.

आपला स्वभाव शांत होत चाललाय, अशी त्याची समजूत होती. लोक पैसे भरून डोंगरावर ध्यानाला जातात. आपल्याला ते हाउन्सलोत, विमानांच्या पोटाखाली, फुकटात जमलं!

"काय वाया जाणार नाही?" वरदानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"नको गं, माझा चहा झालाय," अंशुमन प्रेमानं म्हणाला.

वरदा त्याची बायको. पुण्यात तिनं सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, इथे आल्यावर काही वर्षं नोकरीही केली, आणि पूर्वी झाल्यापासून ती घरी होती. आता एप्रिलमध्ये ती पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत रुजू होणार होती. नेमणुकीचं पत्र तिनं चुंबकानं फ्रिजवर लावलं होतं. दूध काढायला आली की ती ते पुन्हा वाचायची, आणि मग कधीकधी दूध काढायचंच विसरायची. पूर्वीला नर्सरीत जागा मिळाली होती, पण पहिल्या टर्मची फी एकतीस मार्चच्या आत भरायची होती. नाहीतर जागा रांगेतल्या पुढच्या मुलाला. रांगेत अकरा मुलं होती. सरकारकडून मिळणारे फुकट तास सप्टेंबरापर्यंत काही सुरू होणार नव्हते.

पण अंशुमन निर्धास्त होता. तो विमानतळाजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत कामाला होता, आणि त्या कंपनीत 'फ्लेक्स' नावाचं खातं होतं. दर महिन्याच्या पगारातून, टॅक्स कापायच्या आधी, थोडे पैसे त्यात टाकायचे आणि मुलांच्या सांभाळावर किंवा औषधपाण्यावर खर्च करायचे. बिल पाठवा, पैसे घ्या! अट एकच. एकतीस मार्चपर्यंत जे खर्च होणार नाहीत ते गेले. अंशुमननं वर्षभर दरमहा शंभर पौंड टाकून बाराशे साठवले होते, खास नर्सरीसाठी. रविवारी रात्री त्याला स्वप्न पडलं. वरदा गळ्यात ओळखपत्र घालून एका निळ्या तळ्याच्या काठी उभी आहे, हातात काचेची नळी आहे, आणि तळ्यातले मासे एकेक करून तिला सलाम करताहेत.

सोमवारी दुपारी ऑफिसात उत्तर आलं.

"आपलं बिल नामंजूर. नर्सरी हा वैद्यकीय उपचार नाही."

अंशुमननं ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना त्याला मागच्या वर्षीचा फॉर्म आठवला.

त्या फॉर्मवर दोन चौकोन होते. एक 'डिपेंडंट केअर', दुसरा 'फॅमिली केअर'. अंशुमननं त्यावर चांगला अर्धा तास विचार केला होता. डिपेंडंट म्हणजे आपल्यावर अवलंबून असलेलं कुणीतरी म्हातारं माणूस. आता त्याचे आईबाबा होते नागपुरात, आणि बाबा तर कुणावर अवलंबून राहण्याऐवजी अख्ख्या गल्लीला स्वतःवर अवलंबून ठेवून होते. उलट पूर्वी म्हणजे फॅमिली! तिच्याइतकं फॅमिली घरात दुसरं कोण होतं? त्यानं ऐटीत फॅमिली केअरच्या चौकोनात खूण केली. वर, खात्री असावी म्हणून, एचआरच्या ग्लेनिसला फोनही लावला. ग्लेनिस मूळची वेल्सची, साठीला आलेली, आवाज लोकरीसारखा. ती चांगली पाच मिनिटं बोलली. अंशुमनला वाटलं, दूरच्या हिरव्या टेकड्यांवरून वारा येतोय, वाऱ्याबरोबर मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा येताहेत.

"लव्हली, थँक यू!" म्हणून त्यानं फोन ठेवला होता.

तर आता उघड झालं होतं की मुलांसाठी होता डिपेंडंटचा चौकोन. फॅमिलीच्या चौकोनातले पैसे फक्त चार गोष्टींवर खर्च करता येत होते: डोळे, दात, पाय आणि कान!

घरी येताना बस कशी आली, तो कसा बसला, कसा उतरला, त्याला काही कळलं नाही. घरात शिरला तेव्हा वरदा फ्रिजसमोर उभी होती. पत्र वाचत होती.

'आत्ता नको सांगायला,' अंशुमननं ठरवलं. 'नर्सरीचं काहीतरी बघू. पण आधी हे बाराशे बुडता कामा नयेत! जाणारच असतील तर निदान चष्म्यात जाऊ देत, दातांत जाऊ देत!'

आता हे म्हणजे घराला आग लागल्यावर पडदे इस्त्रीला टाकण्यासारखं होतं. पण स्वप्नाळू माणसाला संकटात जे पहिलं सुचतं ते त्याला फार सुंदर दिसतं. त्यानं एका पाकिटाच्या पाठीवर नीट यादी केली: 'डोळे – मंगळवार. दात – गुरुवार. पाय – शुक्रवार. कान – शनिवार. ३१ मार्चला सगळं संपणार. वरदाला इतक्यात सांगायचं नाही.' पाकीट घडी करून त्यानं पँटच्या खिशात ठेवलं आणि त्याला एकदम हलकं वाटलं.

अडचण एवढीच होती की अंशुमनला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

"तुमची नजर उत्तम आहे," डोळे तपासणारा तरुण मंगळवारी म्हणाला.

"पुन्हा एकदा बघा ना," अंशुमन काकुळतीला आला. "ती सगळ्यात खालची ओळ मला अंदाजानंच वाचता आली."

"ती ओळ नव्हती, सर. ती छापखान्याची जाहिरात होती. आणि तुम्ही ती बरोबर वाचलीत."

"डाव्या डोळ्यात थोडंसं तरी?"

तरुणानं सुस्कारा टाकला. डाव्या डोळ्यात अगदी मुंगीच्या पावलाएवढा नंबर निघाला. तेवढ्या भांडवलावर अंशुमननं दोनशे दहा पौंडांचा, कासवाच्या पाठीच्या रंगाचा चष्मा घेतला. त्यातून जग जसं होतं तसंच दिसत होतं, फक्त आता त्याला चौकट होती.

गुरुवारी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा फिरवला आणि हेवा वाटावा असे दात आहेत म्हणून सांगितलं. "दात खाता का झोपेत?" त्यांनी सहज विचारलं. "खातो!" अंशुमन एवढ्या उत्साहानं म्हणाला की आरसा त्यांच्या हातून पडता पडता राहिला. एकशे नव्वद पौंडांत दोन भेटी ठरल्या, आणि झोपताना दातांवर चढवायचं एक पारदर्शक कवच ठरलं. शुक्रवारी पायांच्या तज्ज्ञानं त्याला अनवाणी चालायला लावून तळवे वाखाणले, आणि फारच आग्रह झाल्यावर पंचाण्णव पौंडांचे, बुटांत घालायचे मऊ सोल दिले. ते घालून अंशुमन बाहेर पडला तेव्हा तो इंचभर उंच झाला होता आणि पाय जमिनीला लागताहेत की नाही तेच त्याला समजत नव्हतं. ढगांवरून चालावं तसा तो घरापर्यंत आला, मध्येमध्ये कुंपणांना धरत.

कानाची वेळ शनिवारची होती. पण त्यासाठी आधी चार दिवस कानात ऑलिव्ह तेलाचे थेंब घालून पडून राहायला सांगितलं होतं. अंशुमन रोज संध्याकाळी खोलीचं दार लावून, कुशीवर झोपून थेंब घालायचा. आधीच मऊ असलेलं जग आता तेलात बुडालं. माणसांचे ओठ हलायचे आणि त्यातून गोड, गोल बुडबुडे बाहेर पडायचे.

आणि काय सांगावं, त्या आठवड्यात माणसंही किती प्रेमळ झाली होती! वरदानं टॉवेल पलंगावर टाकल्याबद्दल एक शब्द काढला नाही. उलट ओला टॉवेल हातात घेऊन ती त्याच्याकडे बघतच राहिली. जेवायला रोज मऊ खिचडी, तूप, भाताची पेज. पूर्वी मांडीवर उडी मारायला आली की वरदा तिला अलगद उचलून घ्यायची. बुधवारी हॅरोहून वरदाची मैत्रीण मीनल डबा घेऊन आली. शुक्रवारी मराठी मंडळातली दोन जोडपी फळं घेऊन आली, सोफ्याच्या कडेवर टेकून बसली, आणि त्यातला जो गृहस्थ अंशुमनकडून बॅडमिंटनची रॅकेट घेऊन तीन वर्षं परत करत नव्हता, त्यानं ती परत केली. वर नवी शटल्सही दिली! ऑफिसात मॅनेजर खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाला. काय ते कळलं नाही, पण त्याचे डोळे ओले होते.

'वसंत आला,' अंशुमनला वाटलं. थंडी संपली की या देशातली माणसंसुद्धा झाडांसारखी आतून हिरवी होत असावीत. त्यानं कासवी चष्म्यातून सगळ्यांकडे बघून मंद स्मित केलं. ते स्मित बघून मीनलनं पदर लावावा तसा स्कार्फ डोळ्यांना लावला.

शनिवारी तो कानवालीकडे गेला. खुर्चीत बसला. बाईंनी दुर्बिणीतून डाव्या कानात बघितलं, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या.

त्या काहीतरी म्हणाल्या.

"पार्डन?" अंशुमन म्हणाला.

त्यांनी कागदावर लिहून दाखवलं: 'दोन्ही कान मळानं गच्च भरलेत. तुम्हाला ऐकू कसं येतं?'

आठवड्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला काहीतरी झालंय म्हणालं होतं! अंशुमन इतका खूश झाला की त्यांनी कानात बारीक नळी घातली तेव्हा तो हसत होता. नळीनं ओढायला सुरुवात केली. आधी एक घरघर आली, मग बाटलीचं बूच उडावं तसा 'टप्प' आवाज झाला आणि त्या पाठोपाठ डाव्या बाजूनं अख्खं लंडन आत आलं.

"झालं," बाई म्हणाल्या.

"ओरडू नका!" अंशुमन दोन्ही हात वर करून म्हणाला.

"मी कुजबुजतेय, सर."

उजव्या कानानंतर तर खुर्चीची करकर, बाईंच्या घड्याळाची टिकटिक, स्वतःच्या अंगावरच्या कोटाची सळसळ, सगळंच त्याच्यावर धावून आलं. रस्त्यावर आला तर त्याचे नवे सोल दर पावलाला बदकासारखे ओरडत होते. कालपासून ते असेच ओरडत असणार! कुठेतरी कुत्रं भुंकलं, बसचे ब्रेक किंचाळले आणि मग डोक्यावरून ते आलं. मासा नव्हे, विमान! अंशुमन पोस्टाच्या पेटीला मिठी मारून उभा राहिला. शेजारून जाणाऱ्या आजीबाईंनी विचारलं, "यू ऑल राइट, डियर?" आणि त्यांचा प्रत्येक शब्द वेगवेगळा, धुऊन पुसून ठेवल्यासारखा, त्याच्यापर्यंत पोचला.

विमान गेल्यावर, त्यानं मागे टाकलेल्या शांततेत, त्याला एक पक्षी ऐकू आला. छोटासाच होता, कुंपणावर बसला होता, आणि जीव खाऊन गात होता. अंशुमन बराच वेळ तिथेच उभा राहिला. आपण काय काय ऐकलंच नाही, असं त्याच्या मनात आलं.

तशाच हळव्या अवस्थेत तो घराच्या दारापाशी आला. किल्ली काढली, तोच आतून आवाज आले. दार बंद होतं, तरी स्पष्ट आले.

"काका, मी ईमेल लिहून ठेवलाय," वरदा म्हणत होती. "नोकरी नको म्हणून कळवते सोमवारी. नर्सरीची जागाही सोडते."

"अगं, पण एवढ्यात कशाला?" ही मीनल.

"एवढ्यात? किती दिवस आहेत आता? त्यानं स्वतः लिहिलंय. पँट धुवायला घेतली तर खिशात पाकीट सापडलं. डोळे, दात, पाय, कान... एकेक करून सगळं जातंय गं त्याचं! एकतीस मार्चला सगळं संपणार, आणि वरदाला सांगायचं नाही!" तिचा आवाज फुटला. "बोललं तरी भलतीच उत्तरं देतो. चालताना कुंपण धरतो. रोज दार लावून पडून राहतो. आणि हसतो! असं हसतो ना माझ्याकडे बघून, की मला... तीन वर्षं थांबले, अजून थांबेन. नोकऱ्या काय, मिळतील. तो एकटा पडायला नको."

अंशुमननं किल्ली कुलपात घातली, ती खळखळली. त्याला त्या आवाजाची भीती वाटली.

या घरात वरदा अशी कधी रडली होती का? रडली असेल. भिंतीपलीकडे, नळ सोडून. आपल्याला झराच ऐकू आला असेल.

तो दार उघडून आत गेला. सोफ्यावर वरदा, तिच्या शेजारी मीनल आणि समोरच्या खुर्चीत एजवेअरचे ज्ञानेश्वरकाका. काका चाळीस वर्षं इंग्लंडात राहिलेले, बसच्या डेपोतून निवृत्त झालेले, आणि मराठी मंडळात कुणी शिंकलं तरी रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन निघणारे. यंत्र आत्ताही मांडीवर होतं.

"वरदा, मला काहीही झालेलं नाही!" अंशुमन म्हणाला. स्वतःचा आवाज इतका मोठा असतो हे त्याला माहीत नव्हतं. "मी ठणठणीत आहे!"

"सगळे असंच म्हणतात," काका हळुवारपणे म्हणाले. "बस. बाही वर कर. खरं सांग, डॉक्टर काय म्हणाले?"

"दात हेवा वाटण्यासारखे आहेत म्हणाले."

काकांनी मीनलकडे अर्थपूर्ण बघितलं. मीनलनं मान खाली घातली.

"अहो काका, खरंच!"

वरदा उठून त्याच्यासमोर आली. तिचे डोळे लाल होते. तिनं त्याचा चष्मा काढला, कासवाचे काठ न्याहाळले, आणि अगदी हळू, रोजच्या सवयीनं उत्तराची अपेक्षा न ठेवता विचारलं, "मग एकतीसला काय संपणार आहे, अंशू?"

"आर्थिक वर्ष," अंशुमन म्हणाला.

काकांचं यंत्र, कुणाच्याच दंडाला नसताना, आपोआप फुगायला लागलं.

मग त्यानं सगळं सांगितलं. दोन चौकोन सांगितले, डिपेंडंट सांगितलं, नामंजूर झालेलं बिल सांगितलं. तुझं पत्र फ्रिजवर होतं म्हणून बोलायची हिंमत झाली नाही, तेही सांगितलं. ऐकता ऐकता वरदाचा चेहरा आभाळासारखा बदलत गेला. आधी ऊन आलं. मग मात्र ढग आले, आणि तिनं सोफ्यावरची उशी उचलली.

"चार दिवस!" उशी त्याच्या छातीवर बसली. "चार दिवस मी तुझी पेज करतेय!" दुसरी उशी. "तुझ्या मॅनेजरला सांगून बसले! तुझ्या आईला फोन लावणार होते मी आज! काय सांगणार होते? तुमचा मुलगा टप्प्याटप्प्यानं...!" आणि तिसरी उशी हातात धरूनच ती खाली बसली, आणि हसायला लागली, आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली. अंशुमन तिच्याजवळ जमिनीवर बसला. तिचा प्रत्येक हुंदका त्याला नीट ऐकू येत होता, आणि त्यानं एकही चुकवला नाही.

"म्हणजे पेशंट नाहीच?" काका यंत्राची वायर गुंडाळत म्हणाले. त्यांचा सूर किंचित दुखावलेला होता. एजवेअरहून ते दोन बस बदलून आले होते.

"ईमेल पाठवला नाहीस ना?" अंशुमननं विचारलं.

"नाही."

"पाठवू नकोस. नर्सरीचं मी बघतो."

"कसं?"

याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. पण प्रश्न पहिल्यांदाच बरोबर ऐकू आला होता.

सोमवारी सकाळी ऑफिसात पोचल्या पोचल्या त्यानं ग्लेनिसला फोन केला. काही मेंढ्या नाहीत, घंटा नाहीत. एक स्पष्ट, कोरडी, थोडी सर्दी झालेली बाई फोनवर आली.

"ग्लेनिस, माझ्याकडून चूक झालीय. मी चुकीच्या चौकोनात..."

"हो ना, लव्ह. मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. म्हटलं, मुलीसाठी असेल तर तो दुसरा चौकोन कर. तू लव्हली म्हणालास."

अंशुमननं डोळे मिटले.

"आणि हेही सांगितलं होतं," ग्लेनिस म्हणाली, "की चूक झाली तरी घाबरायचं नाही. घरात काही मोठा बदल झाला, लग्न, बाळ, बायकोला नवी नोकरी, तर वर्ष संपायच्या आत पैसे एका चौकोनातून दुसऱ्यात हलवता येतात. नोकरीचं पत्र दाखवलं की झालं. तुझ्या बायकोला नोकरी लागली का?"

"लागली!" अंशुमन ओरडला. शेजारच्या टेबलावरचा माणूस दचकला.

"मग ते पत्र पाठव. बाराशे आजच हलवते... थांब हं." कळा दाबल्याचा आवाज. "लव्ह, इथे सहाशे चाळीसच दिसताहेत. चष्मा, दात, सोल, कान... हे सगळं तू या आठवड्यात केलंस?"

"हो."

"बापरे. आता बरा आहेस ना?"

"ठणठणीत," अंशुमन खिन्नपणे म्हणाला.

सहाशे चाळीसमध्ये आठवड्याचे पाच दिवस बसत नव्हते. तीन बसत होते. नर्सरीच्या मॅनेजरबाईंनी पूर्वीला तीन दिवस द्यायचं मान्य केलं. उरलेल्या दोन दिवसांसाठी अंशुमन मॅनेजरकडे गेला आणि शनिवार-रविवारची पाळी मागितली, म्हणजे सोमवार-मंगळवारी त्याला पूर्वीजवळ घरी राहता येईल. मॅनेजर अजूनही त्याच्याकडे ओल्या डोळ्यांनी बघत होता. त्यानं लगेच सही केली. आपण मरत नाही आहोत हे अंशुमननं त्याला सही झाल्यावर सांगितलं.

एप्रिलमधल्या एका सोमवारी वरदा कामावर निघाली. सकाळ दुधाळ होती. रस्त्यावरच्या चेरीच्या झाडांना बहर आला होता आणि वाऱ्याच्या झुळकीसरशी पाकळ्या तिच्या केसांत पडत होत्या. गळ्यात ओळखपत्र अजून नव्हतं, ते तिथे गेल्यावर मिळणार होतं, तरी ती दर चार पावलांनी गळ्यापाशी हात नेत होती. बसमध्ये चढताना तिनं मागे वळून काहीतरी सांगितलं, आणि अंशुमननं ते शब्दन्‌शब्द ऐकलं. "जेवण फ्रिजमध्ये आहे. तिला गाजर दे. आणि बस दिसेनाशी होईपर्यंत इथे उभं राहू नका, मला रडू येईल."

बस वळली. अंशुमननं पूर्वीच्या पाठीवर तिची नवी बॅग चढवली, बॅगेत पाण्याची बाटली आणि गाजरांचा डबा घातला, आणि तिचं बोट धरून तो नर्सरीकडे चालू लागला.

पूर्वी बोलत होती. ती घरापासूनच बोलत होती. आणि आज तो झरा नव्हता, शब्द होते!

"बाबा, तो विमान आहे ना, त्याला सर्दी झाली. मग तो ढग घेते आणि नाक पुसते. म्हणून ढग ओली असते."

"मग?" अंशुमन थक्क होऊन म्हणाला.

"मग पाऊस पडतो. पण विमानाची आई म्हणते, ढग परत दे! तो म्हणते, नाही देणार. मग तो आपल्या घरावर येते रडायला."

"म्हणून तो एवढा आवाज करतो?"

"हो ना! मी तुला सांगितला होता. खूप वेळा."

अंशुमनला वाटलं, हा रस्ता संपूच नये. पाकळ्या पडत होत्या. विमानाच्या आईनंतर विमानाची मावशी आली, ती हॅरोला राहत होती. मग चंद्र आला, तो मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीनं आला आणि झोपेत पुढच्या स्टेशनला गेला. अंशुमन प्रत्येक गोष्ट ऐकत होता, मध्ये प्रश्न विचारत होता, आणि कान स्वच्छ करून घेतलेल्या माणसाच्या तोऱ्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांना गुड मॉर्निंग म्हणत होता.

नर्सरीच्या फाटकाशी मॅनेजरबाई उभ्या होत्या. त्यांनी हातातली यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली.

"पूर्वीचे दिवस बुधवार, गुरुवार, शुक्रवार आहेत," त्या म्हणाल्या. "आज सोमवार आहे. सोमवारी ती तुमच्याकडे असते ना?"

अंशुमननं आभाळाकडे बघितलं, मग पूर्वीच्या बॅगेकडे.

"लव्हली," तो म्हणाला. "थँक यू."

फाटकासमोर एक बाक होता. दोघं त्यावर बसले. डबा उघडून त्यांनी गाजरं खाल्ली. पूर्वीनं चंद्राला एका स्टेशनवरून परत आणलं. अंशुमनला फार छान वाटत होतं, आणि फार मूर्खासारखंही वाटत होतं, आणि या दोन्हींत नेमकी सीमा कुठे आहे ते शोधायची त्याला काही घाई नव्हती.

अकरा वाजता वरदाचा फोन आला. तिच्या मागे काचेची भांडी किणकिणत होती.

"ओळखपत्र मिळालं!" ती म्हणाली. "फोटोत डोळे मिटलेत, पण मिळालं! तुम्ही काय करताय? घरीच ना?"

"आम्ही? आम्ही जरा मोकळ्या हवेत..." अंशुमन म्हणतोय तोवर पूर्वीनं फोन दोन्ही हातांनी ओढून घेतला.

"आई!" ती आनंदानं ओरडली. "बाबाला नर्सरीत नाही घेतला! ते म्हणाली, बुधवारी ये!"